जबाबदार व्यक्तीचा रकाना

मी आयुष्यात सर्वांत जास्त काही लिहिलं असेल तर ते एनसीआर. एनसीआर म्हणजे काम ठरल्याप्रमाणे झालेलं नाही, असं कळवणारा एकपानी कागद. वेल्डिंग इन्स्पेक्टरचा हा रोजचा धंदा. जोडाचा एक्स-रे काढायचा, त्यात हवेचा बुडबुडा दिसला की कागद भरायचा. मग वेल्डर तेवढा भाग घासून पुन्हा भरतो, पुन्हा एक्स-रे होतो आणि कागद बंद होतो. यात कोणाचा अपमान नसतो, कोणाची नोकरी जात नाही. त्या कागदाच्या तळाशी एक रकाना असतो: जबाबदार व्यक्ती. तो रकाना जगात कोणी मन लावून वाचत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

कुवेत सद्दामच्या घशात गेलं त्या उन्हाळ्यात मी सौदीत जुबैलला एका स्टीम प्लांटच्या कामावर होतो. रस्त्यावरून सरहद्दीकडच्या हफ्र अल बातिनच्या दिशेने लष्करी ट्रकांच्या रांगा चालल्या होत्या, बंदरात अमेरिकन उतरत होते आणि आमच्या साइटवर बारा चिनी उतरले होते. बॉयलर त्यांच्या कारखान्यातले, म्हणून उभारणीही त्यांचीच. त्यांच्या सरकारचं आणि सौदीचं तेव्हा नुकतंच कुठे जुळलं होतं, त्यामुळे जो तो त्यांच्याकडे नवलाने बघायचा. मी जरा जास्तच बघायचो, कारण माझी त्यांच्याशी जुनी ओळख होती. एकतर्फी.

नाशिकला कॉलेजात असताना मी आणि माझ्यासारखे चार अतिशहाणे चीनवर जीव टाकून होतो. वाचनालयात गुळगुळीत कागदाचं एक चिनी सचित्र मासिक यायचं. त्यात झाडून सगळे हसत असायचे. ट्रॅक्टरवरची बाई हसायची, भट्टीपुढचा कामगार हसायचा, डुकरंसुद्धा समाधानी दिसायची. एका जुन्या अंकात गव्हाचं शेत होतं. गहू इतका दाट की कणसांवर तीन मुलं उभी. ते चित्र कापून आम्ही खोलीत लावलं. आमच्यातल्या एकाच्या वडिलांची सिन्नरकडे शेती होती. त्याने विचारलं, गव्हावर पोरं उभी कशी राहतील? आम्ही त्याला प्रतिगामी ठरवलं आणि महिनाभर चहाला बोलावलं नाही. पुढे क्रांती काही झाली नाही. माझा वेल्डिंगचा कोर्स मात्र झाला, आणि जगातल्या कामगारांसाठी झुरणारा मी पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, कपाटात ठेवून इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, जगू लागलो.

तर ते बारा जण. त्यांच्यात एक पुढारी होता. त्याला सगळे लीडर म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, खिशाला दोन पेनं आणि हातात चहाचा थर्मास. त्याने जन्मात पाना धरला नसावा. तो रोज सकाळी बॉयलरपाशी यायचा, बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करायचा, कान देऊन ऐकायचा आणि समाधानाने मान हलवायचा. आपल्याकडे बाजारात नारळ घेताना लोक असंच करतात, पण त्यांना नारळातलं निदान कळतं.

बाकीच्या अकरांत एकालाच इंग्रजी यायचं. तो त्यांचा बॉयलर इंजिनियर होता. वय अठ्ठावन्न, पण दिसायचा सत्तरीचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याला म्हातारा म्हणायचो. त्याचं इंग्रजी जुन्या वळणाचं, स्वच्छ होतं. लहानपणी शांघायला पादऱ्यांच्या शाळेत शिकल्याचं त्याने सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून. काम त्याचं लखलखीत होतं. मी बारा वर्षांत इतका जाणकार बॉयलरवाला पाहिला नव्हता.

दहाच्या चहाला आम्ही दोघं पाइपांच्या सावलीत बसायचो. मी त्याला एकदा माझ्या गव्हाच्या चित्राबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल. त्याने शांतपणे विचारलं, "किती मुलं होती?"

"तीन."

"मग बाक लांब असणार."

मला कळेना. मग त्याने समजावलं. तरुणपणी त्याला काही वर्षं शेतावर राबायला पाठवलं होतं, तिथे त्याने हे स्वतः केलं होतं. आजूबाजूच्या शेतांतला गहू मुळांसकट उपटायचा, एका शेतात गच्च रोवायचा, मध्ये बाक दडवायचं, त्यावर मुलं उभी करायची. फोटो निघाला, वरचे साहेब येऊन टाळ्या वाजवून गेले, की तो गहू वारा न लागल्यामुळे कुजून जायचा. "त्या हिवाळ्यात त्या गावात लोक झाडांच्या साली खात होते," तो म्हणाला आणि चहाचा कप विसळायला उठला. सिन्नरच्या त्या मित्राची मी अजून माफी मागितलेली नाही.

शेतावर राबायला तो का गेला, ते ऐका. पंचविशीचा असताना कारखान्यात एक सभा झाली. वरून हुकूम होता की सगळ्यांनी मोकळेपणाने टीका करावी, पुढाऱ्यांच्या चुका दाखवाव्यात. कोणी बोलेना, तेव्हा त्यांनी आग्रह केला. हा भाबडा उठला आणि एकच वाक्य बोलला: आपल्या सचिवांनी बॉयलरचा प्रेशर गेज वाचायला शिकलं तर बरं होईल. सभेत हशा झाला. काही महिन्यांनी वारं फिरलं, टीका करणारे सगळे शत्रू ठरले, आणि एका वाक्यापायी याच्यावर 'उजवा' असा शिक्का बसला. त्याला वायव्येकडे, वाळवंटाच्या कडेला पाठवलं. आधी शेत, मग तिथलाच कारखाना. लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. बायको शांघायला शाळेत शिकवत होती, ती तिथेच राहिली.

"मग तुम्ही परत का गेला नाहीत?" मी विचारलं. "शिक्का तर पुढे काढून टाकला म्हणता."

"शिक्का काढला. राहण्याची नोंद तिकडचीच राहिली. शांघायची नोंद असल्याशिवाय शांघायला राहता येत नाही. काम नाही, शिधा नाही, घर नाही."

"म्हणजे इकामा," मी म्हणालो. इकामा म्हणजे काय हे मी त्याला सांगितलं, कफील म्हणजे काय तेही सांगितलं.

तो म्हणाला, "हो. तसंच. फक्त आमच्याकडे कफील एकच आहे."

तेहेतीस वर्षं नवराबायको दोन गावी. वर्षातून एकदा भेटीची रजा, आधी बारा दिवसांची, हल्ली महिन्याची. आता दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता. कारखान्याने स्वच्छ शिफारस दिली तर म्हातारपणी शांघायला नोंद मिळेल, असं त्याला सांगण्यात आलं होतं. शिफारस लीडर लिहिणार, या कामावरच्या वागणुकीवरून. म्हणून हा माणूस त्या वयात, त्या हवेत, लढाईच्या तोंडावर जुबैलला आला होता. मी दोन वर्षांतून दोन महिने नाशिकला जायचो आणि स्वतःवरच्या अन्यायाची पत्रं बायकोला लिहायचो. ती पत्रं लिहिणं मी त्यानंतर थोडं कमी केलं.

दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी त्यांची मेसमध्ये बैठक असायची. आधी तासभर जुनी वर्तमानपत्रं मोठ्याने वाचायची, मग प्रत्येकाने उभं राहून आपली एक चूक कबूल करायची. लीडर सोडून. मी म्हाताऱ्याला विचारलं, चूक झालीच नसेल तर? तो म्हणाला, "शोधावी लागते. मी नेहमी दोन-तीन शिल्लक ठेवतो." वेल्डिंगची अर्धी कांडी फेकली. वाचन चालू असताना जांभई दिली. बसमध्ये खिडकीची जागा पकडली. अशा कोणालाही न बोचणाऱ्या चुका तो आठवडाभर जमवायचा. मला ते फार गमतीचं वाटायचं, आणि मी आमच्या लोकांना ते रंगवून सांगायचो.

आमच्याकडचे पुढारी काही वेगळे होते असं नाही. आमचा मॅनेजर पुण्याचा. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. साहेबांनी सप्टेंबरातच बायकोमुलांना पुण्याला पोचवलं आणि ऑक्टोबरात आम्हाला गोळा करून भाषण दिलं की आपण एक कुटुंब आहोत, कोणी घाबरून काम सोडायचं नाही. लीडरचं भाषण निदान आम्हाला कळत तरी नव्हतं.

नोव्हेंबरात कंपनीने गॅसचे मुखवटे वाटले. चिनी तुकडीचे बारा मुखवटे लीडरने सही करून घेतले आणि ट्रंकेत कुलूपबंद केले. वरून सूचना आल्याशिवाय ते वापरणं म्हणजे घबराट पसरवणं, असं त्याचं म्हणणं होतं. मग एके दिवशी सकाळी अकराला भोंग्याची चाचणी झाली. आम्ही सगळे मुखवटे चढवून भिंतीशी बसलो. चिनी लोक उंचीप्रमाणे रांगेत उघड्या तोंडाने उभे राहिले, आणि त्यांच्यासमोर लीडर उभा होता, स्वतःचा मुखवटा घालून. तो त्यातून काहीतरी जोशपूर्ण बोलत होता, पण बाहेर नुसता फुसफुस आवाज येत होता.

त्याच आठवड्यात बॉयलरची पाण्याची दाबचाचणी होती. पंप चालू झाला, गेजचा काटा चढू लागला. लीडरने सगळ्यांना बाजूला सारून गेजसमोर जागा घेतली आणि म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने अदबीने उत्तर दिलं. नंतर मी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काटा डावीकडे असलेला चांगला की उजवीकडे, असं विचारत होते." तेहेतीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य आम्हा दोघांच्या मध्ये होतं, पण ते पुन्हा बोलायची त्याची छाती नव्हती, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

डिसेंबरात एक दिवस चहाच्या वेळी म्हातारा बसला नाही, उभाच राहिला. त्याने विचारलं, "त्या कागदावर खालच्या रकान्यात माझं नाव लिहिण्याऐवजी 'तुकडी' असं लिहिता येईल का?"

मी हसलो. त्या चार महिन्यांत चिनी कामावर मी आठ एनसीआर काढले होते. चार वेल्डरांचे दोष होते, बाकीचे फिटरांचे. एकही म्हाताऱ्याचा नव्हता. पण इन्स्पेक्टरला त्या कागदाचं उत्तर इंग्रजीत लागतं, आणि इंग्रजीत उत्तर देणारा तो एकटाच. म्हणून मी आठही कागदांवर जबाबदार व्यक्ती म्हणून त्याचं नाव टाकलं होतं. माझी सोय. "अहो, तो नुसता कागद आहे," मी म्हणालो. "आठही बंद झालेत."

"तुमच्याकडे बंद झाले," तो म्हणाला. "लीडरने आठही मागवून घेतलेत. आमच्याकडे प्रत्येकाची एक फाइल असते. ती मी कधी पाहिलेली नाही, पण मी जाईन तिथे ती जाते. त्यात गेलेला कागद बंद होत नाही. आणि हे कागद परक्या माणसाने लिहिलेले आहेत. तुमच्याशी माझं काही वैर नाही, म्हणजे ते खरेच असणार, असं धरतात."

मी त्याला शब्द दिला. म्हटलं, मी स्वतः येऊन लीडरला सांगतो की नाव माझ्या सोयीसाठी टाकलं होतं, दोष तुमचा नव्हता. तो म्हणाला, निघण्यापूर्वी शेवटची मोठी बैठक होईल, तेव्हा सांगितलंत तर नोंद होईल. आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. एवढे दिवस एकत्र बसून त्याने मला कधी हात लावला नव्हता.

जानेवारी उजाडला. सद्दामला दिलेली मुदत जवळ येत होती आणि जो तो एक्झिट-रीएंट्रीच्या, म्हणजे देश सोडून परत येण्याच्या परवान्याच्या, मागे लागला होता. साहेबांची सही झाल्याशिवाय तो कागद हलत नसे, आणि साहेब सही करत नव्हते. आधी बॉयलरचं हँडओव्हर होऊ दे, असं त्यांचं पालुपद होतं. चिन्यांची मोठी बैठक शुक्रवारी ठरली आणि मला तिचं रीतसर आमंत्रण आलं. मी गुरुवारी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या टेबलाखाली त्यांची बॅग भरून ठेवलेली होती.

"तुम्हाला काय समाजसेवा सुचते आहे का?" साहेब म्हणाले. "तुम्ही आठ कागदांवर खोटं नाव टाकलंत, हे चारचौघांत कबूल करणार? उद्या क्लायंटच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, याचं सगळं रेकॉर्डच खोटं आहे, पुन्हा तपासा. हँडओव्हर खलास. मग बसा इथे सगळे, क्षेपणास्त्रं मोजत."

"पण त्यांच्या घराचा प्रश्न आहे, साहेब."

"घर तुम्हालाही आहे." त्यांनी खणातून माझा एक्झिट-रीएंट्रीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. सही झालेली नव्हती. "शनिवारी या. सही करून ठेवतो."

शुक्रवारी मी मेसमध्ये गेलो. मला पुढे खुर्ची दिली, चहा दिला. लीडरच्या समोर माझे आठ कागद ओळीने मांडलेले होते. तो बराच वेळ बोलला. ते माझ्यासाठी इंग्रजीत करायला तिथे एकच माणूस होता. म्हातारा माझ्या शेजारी उभा राहिला आणि स्वतःवरचे आरोप त्याने मला स्वच्छ इंग्रजीत सांगितले: परदेशात कारखान्याला मान खाली घालायला लावली, आठ वेळा निष्काळजीपणा केला, परक्यांशी गप्पा मारण्यात वेळ घालवला. मग तो म्हणाला, "लीडर विचारत आहेत की हे कागद बरोबर आहेत का."

मला काय बोलायचं ते पाठ होतं. आदल्या रात्री मी ते तीनदा घोकलं होतं. मी म्हणालो, "आमच्या पद्धतीप्रमाणे रेकॉर्ड बरोबर आहे."

म्हाताऱ्याने लगेच भाषांतर केलं नाही. "एवढंच?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

लीडरला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. म्हाताऱ्याने त्याला हवं ते सांगितलं असतं तरी कोणी पकडू शकलं नसतं. पण त्याने माझं वाक्य जसंच्या तसं पोचवलं असणार, कारण लीडर बॉयलरवर टकटक केल्यावर हलवायचा तशीच मान हलवू लागला. मग म्हातारा चार पावलं पुढे गेला आणि आठही चुका एकेक करून त्याने कबूल केल्या. त्याला त्याची सवय होती. आवाज चढला नाही, कुठे अडखळला नाही. शिल्लक ठेवलेल्या दोन-तीन बारीक चुकाही त्याने शेवटी जोडल्या. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते आणि मी पुढच्या खुर्चीत होतो, म्हणून मीही वाजवल्या.

शनिवारी माझी सही झाली. बॉम्ब पडायला लागायच्या दोन दिवस आधी मी नाशिकला पोचलो. बायकोने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि आळीतले लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला जमले. मी त्यांना लीडरच्या मुखवट्याची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. ती गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं सांगितली, आणि दर वेळी ती भोंग्याच्या चाचणीपाशीच थांबवली.

लढाई संपली, मी जुबैलला परत गेलो. तीन वर्षांनी कंपनीच्या पत्त्यावर मला एक कार्ड आलं. वर बर्फातल्या पुलाचं चित्र, आत ते जुन्या वळणाचं अक्षर. म्हातारा निवृत्त झाला होता. तब्येत ठीक होती, वाळूमुळे खोकला होता. बॉयलर नीट चालतात का, असं त्याने विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं: माझ्या पत्नीने पत्रातून तुम्हाला नमस्कार कळवला आहे. पाकिटावरचा पत्ता वाळवंटाकाठच्या त्याच कारखान्याच्या वसाहतीचा होता.

कार्डात माझ्याबद्दल वावगा शब्द नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं. बॉयलर उत्तम चालतात, असं लिहिलं, ते खरंच होतं. त्यापुढे लिहायचं ते एकच वाक्य होतं: चूक माझी होती, तुमचा दोष नव्हता. ते लिहायला घेतलं आणि मनात आलं, परक्याचं असलं पत्र गेलं तर तेही त्याच्या फाइलमध्ये लागेल, बिचाऱ्याला आणखी त्रास होईल. त्याच्याच भल्यासाठी मी ते पत्र पाठवलं नाही.

सबब चांगली होती. लीडरलासुद्धा पटली असती.